डॅली मेसेंजरचं नाव खोडणं बरोबर होतं का?

मैदानवेडा:
सिडनीचा डॅली मेसेंजर १९०७ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून रग्बी युनियन खेळला आणि त्याच ऑगस्टमध्ये रग्बी लीगमध्ये गेला. युनियन आणि लीग हे रग्बीचेच दोन प्रकार; लीगमध्ये खेळण्याचे पैसे मिळत, युनियनमध्ये ते घेणं म्हणजे गुन्हा. युनियनने त्याला जन्मभरासाठी बाद केलंच, शिवाय जुन्या नोंदींतून त्याचं नाव आणि गुणही काढून टाकले. माझ्या मते हा सूड होता. जे सामने हजारोंनी डोळ्यांदेखत पाहिले, ते झालेच नाहीत असं कसं म्हणता येईल?

सुलभा_पुणे:
नोंदी खोडणं मलाही पटत नाही. बंदी मात्र योग्यच होती. हौशी खेळाचा नियम त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. लीगसाठी सही करण्याआधी त्याने आईला विचारलं, म्हणजे निर्णय पूर्ण विचारांती घेतला. नियम मोडायचा आणि मानही टिकवायचा, हे जमत नाही.

मैदानवेडा:
नियम कुणाच्या सोयीचा होता तेही बघा ना. त्या वर्षी न्यूझीलंडचा संघ आला तेव्हा सिडनीत पन्नास हजारांच्या घरात गर्दी झाली. तिकिटांचा गल्ला युनियनकडे. आणि अ‍ॅलेक बर्डन? पेशाने न्हावी, संघाकडून खेळताना जायबंदी झाला. हात चालेना म्हणजे दुकान बंद, रोजची कमाई बंद. युनियनने भरपाई दिली नाही. इंग्लंडमध्ये १८९५ मध्ये खेळ फुटला तोही बुडालेल्या मजुरीवरूनच. खाणकामगाराने शनिवारचा खाडा करायचा तो कुणाच्या जिवावर?

क्रीडारसिक:
एक भर घालतो. युनियन सोडून लीग उभारण्याच्या सिडनीतल्या या बंडाच्या बैठका व्हिक्टर ट्रंपरच्या खेळसाहित्याच्या दुकानात होत. होय, तोच, आपल्याकडचे जुने क्रिकेटवेडे ज्याचं नाव आदराने घेतात तो फलंदाज! लीगचा पहिला खजिनदारही तोच.

सुलभा_पुणे:
बर्डनचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण मेसेंजर बर्डन नव्हता. त्याच्या वडिलांचा डबल बे भागात बोटींचा धंदा होता, उपासमार नव्हती. शिवाय तो लगेच न्यूझीलंडच्या व्यावसायिक संघाबरोबर ब्रिटनला गेला आणि त्यांच्याकडून कसोट्याही खेळला. हे मजुरांसाठीचं बंड कसं?

मैदानवेडा:
पोट भरलेल्या माणसाने कामाचे पैसे मागू नयेत का? आणि तो गेला म्हणून लीग उभी राहिली. लोक त्याला बघायला येत. १९११ च्या एका मोसमात २७० गुण केले त्याने! बर्डन एकटा गेला असता तर युनियनने ढुंकूनही पाहिलं नसतं. शेवटी १९९५ मध्ये युनियननेही पैसे देणं मान्य केलं आणि २००७ मध्ये मेसेंजरच्या नोंदी परत लावल्या. मग चूक कुणाची होती?

सुलभा_पुणे:
१९९५ चा नियम १९०७ ला लावू नका. आणि गर्दी खेचणाऱ्याचंच नाव राहतं, हीच माझी तक्रार आहे. १९८० पासून लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला 'डॅली एम' पदक देतात. ज्याच्या दुखापतीमुळे हा वाद पेटला, त्या बर्डनच्या नावानेही तेवढ्याच तोलामोलाचं काहीतरी हवं होतं.