आधी मृत्युपत्र करा, प्राइडचं नंतर बघू

पायवाट

परवा निरभ्र यांनी इथे साठी ओलांडलेल्या समलिंगी माणसांसाठी विरंगुळ्याची यादी टाकली. प्राइडच्या मोर्चाला या, घरच्यांना आता तरी सांगून टाका, या पाच वेबसीरिज बघा, ओळखी करायला अ‍ॅप घ्या आणि शेवटी ‘वय हा फक्त आकडा आहे’. लोकांनी भरभरून बदाम दिलेत. मी दोन रात्री गप्प बसलो. आज लिहितोच.

माझं वय अडुसष्ट. आम्ही दोघं एकतीस वर्षं एका घरात राहतोय. वय आकडा नसतो हो. वय म्हणजे त्याचा डावा गुडघा, माझी साखर आणि रात्री दोन वाजता रिक्षा कोण बोलावून आणणार ही काळजी. गेल्या पावसाळ्यात त्याच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना होता. इतक्या वर्षांची सवय, मी लिहिलं ‘मावसभाऊ’. अँजिओप्लास्टीच्या संमतीवर सही घ्यायची वेळ आली तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘सख्खं कुणी नाही का? बायको, मुलगा?’ त्याच्या भावाचा नागपूरला फोन लागेपर्यंत पन्नास मिनिटं गेली. मी त्याच्या चपला हातात धरून बाकावर बसलो होतो. त्या यादीतली एकही गोष्ट त्या पन्नास मिनिटांत माझ्या कामाची नव्हती.

यादीत काय हवं होतं ते सांगतो. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं लेखी स्पष्ट केलं की आपल्यासारख्यांना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी लावायला कसलीही आडकाठी नाही. ते पत्रक छापून खिशात ठेवा, काउंटरवर ते कुणाला माहीत नसतं. मी दाखवलं, मॅनेजर आत जाऊन फोन करून आला आणि खातं उघडलं. रेशनकार्डासाठी जोडीदारांना एकाच घरातले धरा, असंही राज्यांना कळवलंय. बरं होण्याची आशा उरली नाही तर उपचार थांबवायचे का, हे कोणी ठरवायचं ते लिहून ठेवता येतं. लिव्हिंग विल म्हणतात त्याला. पूर्वी मॅजिस्ट्रेट लागायचा, जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मनाच्या आजारात आपल्या वतीनं बोलायला २०१७ च्या कायद्यानं कुठलाही सज्ञान माणूस नेमता येतो, तोही साध्या कागदावर सही करून. सत्तरी झाली की आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा नंबर आहे. आणि सगळ्यात आधी मृत्युपत्र. हे झालं की मग प्राइड.

निरभ्र

काका, यादी माझी, म्हणून मीच उत्तर देतो.

मी चोवीस वर्षांचा, लातूरचा. माझ्या आजीचे धाकटे भाऊ आमच्या वाड्याच्या माडीवर राहायचे. लग्न केलं नाही. आम्हा पोरांना शाळेत सोडायचे, दिवाळीत किल्ला करून द्यायचे. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एका माणसाचा फोटो आणि दोरीनं बांधलेली पत्रं निघाली. शेवटचं पत्र १९७४ चं होतं. घरच्यांनी ती बंबात घातली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि मी ते पाहिलं.

तुमचे सगळे कागद दोघांचे आहेत. नॉमिनी म्हणून लिहायला तुमच्याजवळ नाव आहे. ज्याला जन्मभर आपल्यासारखा एकही माणूस भेटला नाही, त्यानं त्या रकान्यात काय लिहायचं? मुंबईत १९९० पासून ‘बॉम्बे दोस्त’ हे आपल्या लोकांचं मासिक निघत होतं, १९९४ ला हमसफर ट्रस्ट ही आपली संस्था उभी राहिली, पुण्यात तशीच समपथिक आली. माडीवर यातलं काही पोचलं नाही. यादी मी त्यांच्यासाठी केली. वेबसीरिज तुम्हाला फालतू वाटली असेल, पण पडद्यावर दोन म्हातारे पुरुष एकमेकांचा हात धरून बसलेले एकदा तरी दिसले असते, तर ते माडीवरून खाली आले असते असं मला वाटतं.

पायवाट

आजोबांबद्दल वाचून वाईट वाटलं, ते मनापासून. पण ‘घरच्यांना सांगून टाका’ हे वाक्य यादीत दुसऱ्या नंबरवर आहे, ते मी सोडणार नाही. मी सरकारी नोकरीत होतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कोर्टानं बाजूला ठेवलं म्हणून जुलै २००९ ते डिसेंबर २०१३ अशी साडेचार वर्षं आम्ही गुन्हेगार नव्हतो, मग सुप्रीम कोर्टानं परत केलं. २०१५ ला माझ्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेताना मी कायद्यानं गुन्हेगार होतो. सुप्रीम कोर्टानं तो गुन्हा पुसला तो सप्टेंबर २०१८ उजाडला तेव्हा माझी एकसष्टी आली होती. ज्यांना विसाव्या वर्षी मोबाइलवर सगळं मिळालं त्यांनी आम्हाला धीट व्हायला शिकवू नये. आणि मला काका म्हणू नकोस.

रातवा

पायवाट, मी एकसष्ट वर्षांची आहे, मोबाइलवर मलाही काही मिळालं नव्हतं, तेव्हा मला हे ऐकवू नका. त्या रकान्यात ‘मावसभाऊ’ तुम्हीच लिहिलंत. काउंटरवरच्या मुलीनं नाही लिहिलं. मावसभावाला जेवढा मान देतात तेवढा तिनं दिला. निरभ्रचं बरोबर आहे, नातं बोलून दाखवल्याशिवाय कागदाला जोर येत नाही.

मी बोलले होते. शेजारी, शाळा, सोसायटी, सगळ्यांना ठाऊक होतं की आम्ही दोघी बावीस वर्षं एकत्र आहोत. ती शिक्षिका. तेविसाव्या वर्षी विधवा झाली, सासर सोडून आली, परत कधी तिकडे गेली नाही. फ्लॅट तिनं स्वतःच्या पगारातून घेतला. सोसायटीत नॉमिनी मी. २०२२ मध्ये ती गेली आणि बाराव्या दिवशी दारात तिचा दीर. पस्तीस वर्षांत ज्यानं ती जिवंत आहे का हेही विचारलं नव्हतं, तो! वकिलानं सांगितलं, हिंदू वारसा कायद्यात बाईला मूल नसेल, नवरा नसेल आणि मृत्युपत्र नसेल तर तिच्या कमाईवर आधी नवऱ्याचे वारस. तिचे आईवडीलसुद्धा त्यांच्यानंतर. मी तर कुठेच नाही. नॉमिनी असून मला घर सोडावं लागलं. तुळशीचं वृंदावन तेवढं आणलं.

बी विंग

विषय वेगळा आहे पण हे स्पष्ट करणं गरजेचं वाटतं. मी नऊ वर्षं सोसायटीचा सचिव आहे. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. हे मी दर वार्षिक सभेत सांगतो, कोणी ऐकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यात कलम १५४ब-१३ आहे. वारस ठरेपर्यंत नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद. कंपन्यांच्या शेअरच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ ला तेच सांगितलं, नॉमिनी मालक होत नाही. ताईंच्या सोसायटीनं नियमानंच केलं.

रातवा

नियमानंच केलं. मग त्या फॉर्मवर माझं नाव, माझी सही, दोन साक्षीदार, हे सगळं बावीस वर्षं फाइलमध्ये कशाला ठेवलं होतं? नॉमिनेशनचा फॉर्म भरून घेताना एकाही सचिवानं ‘बाई, मृत्युपत्रही करा’ एवढं का सांगितलं नाही?

बी विंग

सचिव मानद असतो. पाण्याची टाकी, लिफ्ट, थकबाकी, पार्किंगची भांडणं यातून वेळ उरला तर तो लोकांची मृत्युपत्रं बघणार. गेल्याच वर्षी आमच्याकडे एक मॅडम गेल्या. पुतण्यानं वारस दाखला आणला, आम्ही फ्लॅट त्याच्या नावे केला. त्यांच्याबरोबर एक मैत्रीण राहायच्या, त्यांनी महिनाभरात घर रिकामं केलं. काही तक्रार नव्हती.

रातवा

मैत्रीण. किती वर्षं राहत होत्या त्या? कुठे गेल्या? विचारलंत?

मुलुंडकर

रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला काढून घेतली, त्यावरही कोणी बोला. निदान एसटी तरी ज्येष्ठांना धरून आहे, पासष्टला अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीला मोफत. विरंगुळ्याच्या यादीत पहिला नंबर एसटीचा हवा.

जुना कारकून

मी दुय्यम निबंधक कार्यालयात हयात घालवली. सचिव कायद्यानं बरोबर आहेत, पण अर्धंच सांगताहेत. मृत्युपत्र असेल तर नॉमिनीचा वादच उरत नाही. स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, तरी करावी, कारण पुढे दीर येतातच. त्यात डॉक्टरचं ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ असं पत्र जोडावं.

बक्षीसपत्राच्या, म्हणजे जिवंतपणीच घर दुसऱ्याच्या नावे करण्याच्या नादी लागू नका. राहतं घर नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. जोडीदार बाईची बाई किंवा पुरुषाचा पुरुष असेल तर कायद्याच्या लेखी तो परका, विकत घेतल्यासारखं पूर्ण शुल्क. वर मिळकत पन्नास हजारांवर असली की घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरून आयकर. मृत्युपत्रानं आलं तर तो कर नाही. माझ्या टेबलासमोर अशी दोन माणसं येऊन बसायची. मी विचारायचो, ‘नातं काय?’ दोघं एकमेकांकडे बघायची. मला कळायचं. मी रकान्यात ‘मित्र’ लिहायचो आणि शुल्क सांगायचो. मृत्युपत्राचा मार्ग तेव्हा आपणहून सांगितला नाही, याचं आता वाईट वाटतं.

मधला मार्ग

पहिल्यांदाच लिहितोय. त्रेसष्ट वय, बायको आहे, तीन नातवंडं आहेत. कुणालाही माहीत नाही. निरभ्र यांच्या यादीतलं ‘सांगून टाका’ वाचून त्या रात्री झोप लागली नाही. पायवाट यांच्या कागदांचाही मला उपयोग नाही. मला फक्त कुठेतरी बसून चहा घ्यायचाय, जिथे कोणी फोटो काढणार नाही.

रातवा

आणि बायकोला झोप लागते का, हे तुम्ही कधी पाहिलंत? तुमच्या चहाची सगळ्यांना दया येईल. तिचं आयुष्य गेलं त्याचं काय?

निरभ्र

ताई, असं तोडून बोलू नका. ते पहिल्यांदा बोलताहेत. मुंबईत पन्नाशीपुढच्यांचा ‘सीनेजर्स’ गट आहे, ते भेटतात, गप्पा मारतात. आणि ‘सांगून टाका’ हे वाक्य मी यादीतून काढतोय. पायवाट यांच्यामुळे नाही, यांच्यामुळे.

परडी

एवढ्या लांबलचक चर्चेत आमचं, तृतीयपंथीयांचं, नाव नाही. समलिंगी, समलिंगी. आमच्यात म्हातारपण गुरूचं असतं आणि ते चेल्या काढतात. माझ्या गुरूला शेवटची चार वर्षं आम्ही दोघींनी भरवलं, धुतलं, पाठीला पावडर लावली. ना नॉमिनी, ना वारस, ना तुमचं कलम. तुमच्यातल्या शिकलेल्यांना फ्लॅट आहेत म्हणून भांडण तरी आहे. आमच्याकडे आधारवर एक नाव, रेशनवर एक आणि माणसं हाक मारतात ते तिसरं. संजय गांधी निराधार योजनेत तृतीयपंथी बसतात, पण नाव जुळलं नाही की अर्ज परत येतो. मी चार वेळा तहसीलला गेले. आता पासष्ट झाली की श्रावणबाळ पेन्शनचा अर्ज, तिथेही हेच. यादी करायची तर नाव बदलाचं राजपत्र कसं काढायचं ते लिहा.

पायवाट

परडी, बरोबर आहे. माझ्याकडून राहिलं. ते राहायला नको होतं.

रातवाताईंना उत्तर देणं भाग आहे. ‘मावसभाऊ’ मीच लिहिलं. दवाखान्याच्या बाकावर मला हे कळलं होतं, दुसऱ्या कुणी तोंडावर म्हटलं म्हणून राग आला. डिस्चार्जच्या कागदावर मी ‘जोडीदार’ लिहिलं. तिथल्या मुलानं वाचलं आणि शिक्का मारला. दुसरं काही झालं नाही.

विरंगुळ्याचं म्हणाल तर निरभ्रचं एक मान्य. २०१९ ला माझा जोडीदार मला ओढून कशिश या आपल्या लोकांच्या चित्रपट महोत्सवाला घेऊन गेला. मी शेवटच्या रांगेत, रुमाल तोंडावर. शेजारी माझ्याच वयाचा एक माणूस, त्याच्याही हातात रुमाल. मध्यंतरात आम्ही गुडघ्यांवर बोललो. अजून त्याचा दर रविवारी फोन येतो.

रातवा

मृत्युपत्र मी अजून केलेलं नाही. लोकांना शहाणपण शिकवते आणि स्वतःचं नाही. माझं आता जे काही आहे ते एका मैत्रिणीच्या मुलीला जावं असं वाटतं. कारकूनसाहेब, साक्षीदार कोण घ्यावेत? माझ्या दोन मैत्रिणी तयार आहेत, एक सत्तरची, एक चौऱ्याहत्तरची.

जुना कारकून

नको. उद्या मृत्युपत्राला आव्हान दिलं तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं की सही माझ्यादेखत झाली. साक्षीदार तुमच्या मागे उरायला हवा. वयानं लहान बघा, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असा. आमच्या पिढीची इथेच फजिती होते, सगळे मित्र आपल्याच वयाचे.

निरभ्र

ताई, मी पुण्यात असतो आता. शनिवारी सुट्टी असते. पायवाट काका, तुमच्या दोघांचंही झालं नसेल तर त्याच दिवशी उरकू.

पायवाट

त्याचं झालंय. माझं राहिलंय. ये.

रातवा

एक मिळाला. दुसरा?

बी विंग

माझा मुद्दा तोच आहे, नॉमिनी वारस नव्हे. आमच्या सोसायटीतल्या त्या बाई कुठे गेल्या याची आज वॉचमनकडे चौकशी केली, त्याला माहीत नाही. मी बावन्नचा आहे. कोथरूडला राहतो. चालत असेल तर सांगा.

रातवा

आधार कार्ड घेऊन या. अकरा वाजता.