अंगठ्याच्या नखांवर खाचा पडल्या आहेत, भरून येतात का?

मंडळी, मदत हवी आहे. मी नखं खात नाही, उचकटते. तर्जनीच्या नखाने अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी असलेली कातडी मागे ढकलत राहायचं आणि सालपट हाताला लागलं की ओढायचं. वाचताना, फोनवर बोलताना हात आपोआप तिकडे जातो. रक्त आलं की मग कळतं.

आता दोन्ही अंगठ्यांच्या नखांत मधोमध उभा चर पडलाय आणि त्यात आडव्या खाचांची शिडी. बुडाचा पांढरा चंद्रही मोठा दिसतो. बाकीची नखं ठणठणीत. एकीने बुरशी सांगितली, दुसरीने कॅल्शियमची कमतरता. मलम झालं, गोळ्या झाल्या, फरक शून्य.

नख पूर्ववत होतं का? तोवर काय लावू? आणि डॉक्टर कुठले, त्वचेचे की मनाचे? ('मनावर घे, सुटेल' हे ऐकून झालंय, कृपया नको.)

प्रतिसाद: ते कडू नेलपॉलिश मिळतं ना, ते लावून बघा.

धागाकर्ती: तोंडात घालतच नाही हो, बोटाला कडू कसं कळणार? :)

प्रतिसाद: मीही याच पंथातली, म्हणून सविस्तर लिहिते. त्वचेचे डॉक्टर याला 'हॅबिट टिक डिफॉर्मिटी' म्हणतात. नख तयार होतं ते बुडाच्या कातडीखाली. तिथे सारखा दाब पडला की त्या वेळी घडणारं नख खाच घेऊनच बाहेर येतं. जे दिसतंय ते मृत नख आहे, त्यावर काहीही चोळलं तरी खाच भरत नाही. ती वाढून पुढे सरकते आणि कापली जाते, एवढाच मार्ग. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं नख यायला सहाएक महिने. हात थांबला तर बुडाशी आधी गुळगुळीत पट्टी दिसू लागेल. मुळालाच व्रण पडला असेल तर मात्र थोडी खूण कायम राहू शकते. खाचा घासून सपाट करू नका, नख आणखी पातळ होतं.

बुरशीचं औषध नख खरवडून तपासल्याशिवाय घेऊ नये. आणि कोणी बायोटिन (केसा-नखांसाठी घेतात ते जीवनसत्त्व) सुचवलं तर रक्त तपासताना लॅबला जरूर सांगा, थायरॉइडचे आकडे चुकू शकतात.

कातडीचं सील उखडलंय, त्यामुळे पाणी आत शिरतं. भांडी घासताना हातमोजे, रात्री भरपूर व्हॅसलीन. सालपट ओढायचं नाही, स्वच्छ नेलकटरने कापायचं. दिवसा नखाच्या बुडावर कागदी चिकटपट्टी. मला सगळ्यात जास्त उपयोग तिचा झाला, कारण बोट चिकटपट्टीला लागलं की हात कुठे पोचलाय ते कळतं.

चाळ्यासाठी 'हॅबिट रिव्हर्सल' म्हणून पद्धत आहे, अझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेली. हात कधी जातो ते टिपायचं आणि तिकडे निघाला की मिनिटभर मूठ घट्ट वळायची. फालतू वाटतं, पण निग्रहापेक्षा कितीतरी बरं. नखं आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. चाळा आवरेना तर मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्या वर्गीकरणात हा प्रकार ओसीडीच्या (तेच ते विचार आणि कृती आवरता न येण्याचा आजार) भावकीत येतो, त्यामुळे संकोच नको.

प्रतिसाद: वरच्यात भर. नखाची कड सुजून ठणकायला लागली किंवा पू दिसला तर नखुरडं झालंय, घरी टोचत बसू नका. आणि एकाच नखात नवी काळी-तपकिरी उभी रेघ आली तर लगेच दाखवा. उचकटण्यानेही ती येते, पण क्वचित त्वचेचा कर्करोगही निघतो.

धागाकर्ती: रेघ नाही, हुश्श. डॉक्टरांची वेळ घेते. पण चिकटपट्टी लावून टाइप करता येतं का?

प्रतिसाद: अंगठ्याला स्पेसबारच तर दाबायचाय. येतं.