मदत हवी आहे: कुजलेली तुळई बदलायला किती खर्च येईल? (वाई, जुनं दुमजली घर)

वाडाचिरेबंदी:
दुमजली घर, भिंती दीडफुटी, चुन्यातल्या विटांच्या. माडीखालच्या सागवानी तुळईचा (८ × १० इंच, उघडा गाळा १२ फूट) पश्चिमेकडचा दीड फूट वाळवी आणि ओलीने गेला आहे, स्क्रू-ड्रायव्हर दोन इंच आत जातो. मध्यावर सव्वा इंच झोळ. तुळईवर दोन्ही बाजूंच्या कड्या (आडवी लाकडं) टेकतात, तिच्या वाट्याला ८ फूट रुंदीचा पट्टा येतो. वर पाट, ४ इंच माती आणि शहाबादी फरशी.

दोन कोटेशन आली, दोन्ही एका ओळीची. ‘गर्डर टाकून देतो’ ८५ हजार आणि ‘नवीन सागवान’ १ लाख ४० हजार. इथे गवंड्याची हजेरी १००० आणि बिगाऱ्याची ७०० आहे. यातलं योग्य काय? काम चालू असताना माडीवर राहता येईल का?

ओळंबा:
माडी रिकामी करा. राहायचं नाही, सामानही ठेवायचं नाही.

आधी वजन बघा. माती, फरशी, लाकूड मिळून चौरस मीटरला सुमारे २७५ किलो, त्यावर राहत्या घराचे २०० किलो वेगळे धरायचे. तुमच्या पट्ट्याला हे एकूण सव्वाचार टनांच्या आसपास जातं, म्हणजे प्रत्येक टोकाला दोन टनांच्या वर. आयएसएमबी २०० गर्डर (‘आय’ आकाराचा, २०० मिमी उंच) हे आरामात पेलतो, मध्यावर ८ मिमीच्या आसपास वाकेल. दोन्हीकडे भिंतीत ९ इंच टेकण धरून लांबी साडेतेरा फूट, वजन १०४ किलो. कापून, भोकं पाडून, प्रायमर मारून किलोला ११० रुपये धरले तरी साडेअकरा हजार. ८५ हजारांतले बाकीचे कशाचे आहेत, ते लिहून मागा. पैसा लोखंडात जात नाही. धिरे (तात्पुरते आधाराचे खांब), टेकणीची जागा आणि वरची फरशी उचलून परत बसवणं यात जातो.

आणि तुळई पूर्ण बदलायची गरज आहे का? दर फुटावर हातोडीने ठोकून बघा. पोचट आवाज नसेल, ड्रायव्हर शिरत नसेल, तर मधलं लाकूड चांगलं आहे.

वाडाचिरेबंदी:
पूर्वेकडे आणि मध्यावर ठणठणीत आहे. पश्चिमेच्या भिंतीवर पन्हळीचं पाणी उतरतं.

खणपट्टी:
मग पहिलं काम पन्हळीचं. ती ओल राहिली तर लोखंडही त्याच टोकाला गंजेल.

तुळई जागेवर ठेवा आणि दोन्ही अंगांनी आयएसएमसी १५० चॅनेल (‘सी’ आकाराचे, १५० मिमी उंच) पूर्ण लांबीचे लावा. दोन्हींचं वजन मिळून १३५ किलो, तुमच्या मापाला पुरतात. एकेक चॅनेल ६७ किलोचा, तीन माणसं उचलतात. गर्डरला चेनपुली लागते आणि जुनी तुळई काढताना सगळ्या कड्या अधांतरी राहतात. कुजलेला दीड फूट मात्र कापून काढा, उरलेल्या लाकडाला वाळवीचं औषध द्या. मग १६ मिमीचे बोल्ट दीड-दीड फुटावर, वर-खाली आलटून पालटून, आरपार.

चॅनेलची वरची कड कड्यांना भिडलीच पाहिजे. फट राहिली तिथे लोखंडी पट्टीच्या चकत्या ठोका. हे टाळलं तर वजन जुन्याच लाकडावर राहतं आणि चॅनेल नुसते लटकतात. बहुतेक फसलेल्या कामांत हीच चूक असते.

टेकणीखाली दीड फूट लांब, ९ इंच रुंद, ८ इंच जाड काँक्रीटचा ठोकळा हवा (सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३, आत सळई), निदान ७ दिवस पाणी मारून. लोखंड थेट विटेवर टेकवलं तर जुना चुना चुरतो आणि टोक हळूहळू खाली जातं. चॅनेल तुळईपेक्षा ४ इंच उथळ आहे, म्हणून ठोकळाही तेवढा वर घ्यावा लागेल. भिंतीत जाणाऱ्या टोकांना प्रायमरवर डांबरी रंग.

बारा फुटांच्या गाळ्यात साडेतेरा फुटांचा चॅनेल कसा जाणार, हे कंत्राटदाराला आधीच विचारा. एका भिंतीत खोबण दीड फूट खोल लागते. टोक आत सारायचं, दुसरं समोर आणायचं, मग ९ इंच मागे ओढायचं. तुमच्या भिंतीत ती खोबण आरपार होते, त्यामुळे पावसाळ्यात हे काम नको.

ओळंबा:
चॅनेलला सहमत. तुमच्या दराने हिशोब: चॅनेल १५ हजार, बोल्ट-रंग ३ हजार, एक गवंडी आणि चार बिगारी सहा दिवस म्हणजे २२,८००, धिऱ्यांचं भाडं-वाहतूक ४ हजार, माती-फरशीचं काम १२ हजार, इंजिनिअरची भेट आणि आराखडा १० हजार. पासष्ट-सत्तर हजारांत बसावं.

वरची ९६ चौरस फुटांची माती काढलीत की दीड टन कमी होतो. ती परत घालू नका. तिच्याजागी काँक्रीट तर मुळीच नको, तेवढ्याच जाडीचं काँक्रीट मातीहून जड होतं.

धिरे तुळईच्या दोन्ही बाजूंना, तुळईपासून दोन-दोन फुटांवर एकेक रांग, प्रत्येक रांगेत चार. वर आडवा वासा, खाली २ इंच जाड फळी. खालच्या जमिनीत जुनं पेव (धान्य साठवायचा खड्डा) किंवा तळघर आहे का, ते बघा.

वाडाचिरेबंदी:
पेव आहे, बुजवलेलं. नेमकं त्याच खोलीत.

ओळंबा:
मग फरशी ठोकून त्याची कड शोधा आणि खुणा करा. धिरा त्यावर येत असेल तर पेवाच्या दोन्ही काठांवर किमान फूटभर टेकेल असा आडवा गर्डर टाकून त्यावर धिरा उभा करा. बुजवलेली माती भार आल्यावर बसते. धिरा ढिला पडल्याचं कळेपर्यंत कड्या खाली आलेल्या असतात.

झोळ पूर्ण काढायचा हट्ट नको. धिऱ्याचा स्क्रू दिवसाला २-३ मिमीइतकाच वर घ्या, रोज भिंतीचा गिलावा बघा. केसाएवढी भेग दिसली की तिथेच थांबा आणि उरलेला उतार वर फरशी बसवताना सांभाळा.

खणपट्टी:
कोटेशनमध्ये हे वेगळं मागा: लोखंडाचं माप आणि वजन, ठोकळ्याचं माप, धिऱ्यांची संख्या आणि ते किती दिवस राहणार, राबिट (पाडकामाचा कचरा) कोण उचलणार. नगरपरिषदेची डागडुजीची परवानगी इंजिनिअरच्या आराखड्यासह आधी घ्या.