पडद्याच्या कोपऱ्यातला उजेड : नवा लॅपटॉप परत करावा की वापरावा?

धागालेखक, रत्नागिरी

मुलाच्या आग्रहाखातर गेल्या आठवड्यात गेमिंग लॅपटॉप मागवला. दुसऱ्याच रात्री पावसात वीज गेली, घरभर काळोख झाला, आणि बॅटरीवर चाललेल्या खेळात गुहेचे दृश्य येताच पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पिवळसर उजेडाचा ओघळ दिसला. वरच्या उजव्या बाजूलाही फिकट चमक होती. विक्रेत्याला छायाचित्र पाठवले, तर “आयपीएस पडद्यात हे असतेच” असे उत्तर आले (आयपीएस हा एलसीडी पडद्याचा एक प्रकार). बदलून देण्याच्या मुदतीतले ३ दिवस उरले आहेत. माझे मत स्पष्ट आहे : नवी वस्तू पूर्ण किंमत मोजून घेतली असेल, तर “असतेच” हे उत्तर ऐकून गप्प बसू नये आणि लॅपटॉप परत करावा. आपणांस काय वाटते?

प्रतिसाद, वेंगुर्ले

मी असहमत आहे. एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये खालच्या कडेला एलईडींची रांग असते, तिचा प्रकाश एका पातळ पारदर्शक पत्र्यातून सर्वत्र पसरतो आणि द्रवस्फटिकांचा थर तो हवा तिथे अडवतो. हे अडवणे कधीच पूर्ण नसते. साध्या आयपीएस पडद्यावर पांढऱ्याचे आणि काळ्याचे प्रमाण साधारण १०००:१ असते, म्हणजे काळा रंगही किंचित उजळच असतो. शिवाय आपण दोन निराळ्या गोष्टी एकत्र करत आहात. डोके इकडेतिकडे हलवल्यावर किंवा हातभर मागे सरकल्यावर जी चमक जागा बदलते किंवा विरते, ती आयपीएसची स्वाभाविक चमक. जी कोठूनही पाहिली तरी जागची हलत नाही, ती खरी बॅकलाइट ब्लीड, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याच्या उजेडाची गळती. पडदा पूर्ण उजळ ठेवून अंधारात मोबाइलने छायाचित्र काढले, तर कॅमेरा काळोख भरून काढण्याच्या नादात उजेड फुगवून दाखवतो. रोज जेवढा उजेड ठेवता तेवढाच ठेवून, समोर बसून, नुसत्या डोळ्यांनी पाहा. आणि बदलून येणारा नग याहून वाईट निघाला तर काय कराल?

प्रतिसाद, देवरुख

बागायतदाराच्या नजरेने सांगतो. हापूसला साका असतो तो बाहेरून कोणालाच दिसत नाही. रंग उत्तम, वास उत्तम, आणि कापल्यावर आत पांढरट, आंबट गर. त्यात आमचा हलगर्जीपणा असतोच असे नाही, आणि साका पूर्णपणे टाळणे आमच्या हातातही नाही. तरीही गिऱ्हाइकाचा फोन आला की पुढच्या पेटीत आंबे भरून देतो. “हापूसमध्ये असतेच” असे सांगून फोन ठेवत नाही. दोष टाळता येत नाही हे खरे असले, तरी त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकानेच का सोसावा? धागालेखकांनी जरूर परत करावा.

प्रतिसाद, वेंगुर्ले

दाखला सुंदर आहे, पण लागू पडत नाही. साका लागलेला आंबा खाता येत नाही. हा पडदा वापरता येतो. दिवा लावलेल्या खोलीत, उजळ दृश्यांच्या खेळात तो ओघळ मुलाला दिसतो का, एवढेच पाहावे. अंधाऱ्या दृश्यांचे खेळ आणि रात्री चित्रपट हाच मुख्य वापर असेल, तर मुळात ओएलईडी पडदा घ्यायला हवा होता; त्यात मागचा दिवाच नसल्यामुळे ही गळतीही नसते. (तो महाग पडतो आणि स्थिर चित्राचे व्रण उमटण्याची भीती राहते, हेही सांगून ठेवतो.)

प्रतिसाद, मालवण

मी दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे दोघांच्याही मधले बोलतो. पातळ झाकण, चौकटीचा असमान दाब किंवा बिजागरीजवळ पडलेला पीळ यांमुळे पडद्याचे थर कोपऱ्यात दबतात आणि उजेड झिरपतो. म्हणून काही जण कोपरा कापडाने चोळतात किंवा चौकट उघडून स्क्रू सैल करतात. नव्या यंत्रावर हे मुळीच करू नका. कधी फरक पडतो हे खरे आहे, पण दाबामुळे कायमचा पांढरा डाग पडलेले पडदे माझ्या टेबलावर आले आहेत, आणि चौकटीच्या प्लॅस्टिक खाचा एकदा मोडल्या की वॉरंटीची बोलणी तिथेच संपतात. दुसरे असे की मृत पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे बंद पडलेले ठिपके, मोजून दाखवता येतात, त्यांचे वर्ग आयएसओ ९२४१-३०७ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवलेले आहेत. कोपऱ्यातला उजेड “फार” की “थोडा” यावर मात्र तंत्रज्ञ आणि ग्राहक वाद घालत बसतात. म्हणूनच जे करायचे ते बदलून देण्याच्या मुदतीतच करावे. नंतर वॉरंटीतून पडदा बदलून मिळेलच, या भरवशावर राहू नये.

धागालेखक, रत्नागिरी

वेंगुर्ल्याच्या सूचनेप्रमाणे काल पुन्हा पाहिले. उजव्या वरच्या बाजूची चमक मागे सरकताच विरली. ती तक्रार मी मागे घेतो. डावा ओघळ मात्र पडद्याचा उजेड निम्म्याहून कमी केला तरी जागचा हलला नाही, आणि दिवा लावूनही मुलाला दिसला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोषाची व्याख्या गुणवत्तेतील उणिवेलाही धरून आहे, हे मी विक्रेत्याला लेखी कळवले आणि त्यांनी ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन असेही लिहिले. आज दुपारी बदलून देण्यास होकार आला.

प्रतिसाद, वेंगुर्ले

मी असतो तर ठेवला असता, हे मत अजूनही कायम आहे. पण परत पाठवणारच असाल, तर खोका बंद करण्यापूर्वी चालू पडद्याचे आणि चारही कोपऱ्यांचे चित्रीकरण करून ठेवा, आणि खोका प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळा; या दिवसांत आंबा घाटातून जाणारे पार्सल कोरडे पोहोचेलच असे नाही. नवा नग आला की त्याच रात्री दिवे मालवून तपासा, वीज जाण्याची वाट पाहू नका.