कणा जखडलेला, तरी डेक्सा नॉर्मल कसा?

प्रश्न (डिचोली): बाबा ५८ वर्षांचे. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमुळे (सुजेने मणके एकमेकांना जोडले जाण्याचा आजार) कणा पूर्ण जखडलाय, मान पुढे वाकलेली. कमरेच्या डेक्सात (हाडांची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) +०.८ आला. म्हणजे हाडं मजबूत समजायची का? पावसात अंगण शेवाळतं, पडले तर काय करायचं?

उत्तर १: त्या आकड्यावर विसंबू नका. मणक्यांच्या कडेला वाढलेलं नवं हाड आणि कडक झालेले अस्थिबंध डेक्सा मोजतो, पण आतलं जाळीदार हाड सुजेमुळे पोकळ झालेलं असू शकतं. खुब्याचा डेक्सा बघा, -२.५ किंवा खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. व्हिटॅमिन डी पण तपासा.

उत्तर २: जखडलेला कणा लांब हाडासारखा आडवा तुटतो, बहुतेकदा मानेच्या खालच्या भागात. खुर्चीवरून पडणंही पुरतं. पडल्यावर नवीन दुखणं किंवा नेहमीपेक्षा वेगळी कळ आली, तर फ्रॅक्चर नाही हे सिद्ध होईपर्यंत फ्रॅक्चरच धरा. साध्या एक्स-रेत खांद्यांच्या सावलीत फ्रॅक्चर नजरेतून सुटतं, म्हणून पूर्ण कण्याचा सीटी मागा. दुसरीकडेही तुटलेलं असू शकतं. हातापायांत मुंग्या, बळ कमी वाटलं तर एमआरआय लगेच.

सगळ्यात महत्त्वाचं, मान सरळ करू नका! वाकलेल्या मानेखाली घडीच्या चादरी घालून नेहमीचाच कोन ठेवा. सपाट झोपवून कॉलर बसवला तर मज्जारज्जू दबू शकतो. १०८ वाल्यांना आधीच सांगा.

उत्तर ३: मान मोडून देणाऱ्याकडे किंवा जोरकस मालिशला अजिबात नेऊ नका. अंगणात ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा, पायरीला कठडा लावा. आणि आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी बाबांच्या खिशात असू द्या.