मदत हवी आहे: गृहकर्जाची साठ दिवसांची नोटीस आली आहे. घर वाचवायची धडपड करू की विकून मोकळे होऊ?

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलचक झालं तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी गाडीचे कागद शोधताना नवऱ्याच्या बॅगेत बँकेचं पाकीट सापडलं. आत नोटीस होती, सरफेसी कायदा २००२ (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेता येतं तो बँकांचा कायदा), कलम १३(२) खाली. साठ दिवसांत ३३ लाख १० हजार भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ. तारीख बघितली तर सोळा दिवस आधीच उलटून गेले होते. आज तेविसावा दिवस आहे.

कर्ज २०१८ मधलं, ३८ लाखांचं, वीस वर्षांचं. अर्जदार आम्ही दोघं. जामीनदार माझा मोठा भाऊ. हप्ता ३३ हजारांच्या आसपास. नवऱ्याचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, जॉबवर्क करतो. ज्या कंपनीचं बहुतेक काम होतं तिने ऑर्डरी थांबवल्या, वर दोन मोठी बिलं अडकवून ठेवली. त्यानंतर काही महिने तो हप्ते क्रेडिट कार्डावरून आणि एका पर्सनल लोनमधून भरत राहिला. मला माहीतच नव्हतं. आता कार्डं आणि ते लोन मिळून साडेसहा लाख वेगळे आहेत. गृहकर्जाचे पाच हप्ते थकले आहेत.

माझा पगार हातात २९ हजार येतो. सासूबाई आमच्याबरोबर असतात, मुलगी आठवीत आहे. म्हणजे माझा सगळा पगार दिला तरी एक हप्ता पुरा होत नाही.

नवऱ्यावर चिडले, मग चिडणंही संपलं. रात्री दीड-दोनला उठून गॅलरीत बसलेला असतो. परवा म्हणाला, "दिवाळखोरी जाहीर करतो, सगळं एकदाचं संपेल." तो 'सगळं एकदाचं' ज्या आवाजात म्हणाला, त्याने मला धडकी भरली.

माझ्याकडे दागिने आहेत, मोडले तर अडीच लाखांपर्यंत येतील. पाच हप्ते त्यात निघतात. ते मोडावेत का? दिवाळखोरीने घर वाचतं का? आणि दादाचं काय होईल? सही करताना तो हसत म्हणाला होता, "तुझ्यासाठी नाही तर कुणासाठी करायची?" त्याला अजून काही सांगितलेलं नाही. वसुलीवाल्यांचे फोन सकाळी सातपासून सुरू होतात. एकाने तर पोलीस घेऊन येतो म्हटलं. कृपया ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा.

प्रतिसाद

ताई, मी बँकेच्या वसुली विभागात अठरा वर्षं काढली, आता निवृत्त आहे. अशा नोटिसा मी स्वतः पाठवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी घाबरणं कमी करा. साठ दिवस संपले की एकसष्टाव्या दिवशी कुणी सामान बाहेर काढत नाही. आधी कलम १३(४) खाली कागदोपत्री ताबा घेतात. म्हणजे दारावर नोटीस चिकटवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. प्रत्यक्ष ताब्यासाठी बहुतेक वेळा बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. मग मूल्यांकन आणि नंतर लिलावाची नोटीस, तीही पहिल्या लिलावाला तीस दिवसांची. पण याचा अर्थ 'वेळ आहे, बघू' असा घेऊ नका. मी ज्यांची घरं मातीमोल भावात गेलेली पाहिली, त्यातले बहुतेक 'बघू' म्हणणारेच होते.

सगळ्यात महत्त्वाची तारीख म्हणजे लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याची. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) प्रमाणे, ती प्रसिद्ध व्हायच्या आत पूर्ण देणं आणि खर्च भरलात तरच घर हक्काने सोडवून घेता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच पक्कं केलं. जुन्या काळचे लोक सांगतील की लिलावाच्या दिवसापर्यंत पैसे भरता येतात. त्यांचं ऐकू नका.

आता दागिने. नोटिशीत पूर्ण रक्कम मागितलेली असते, पण खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-बुडीत झालं ते थकलेल्या हप्त्यांमुळे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की थकलेलं सगळं व्याज आणि मुद्दल भरलं तरच खातं पुन्हा नियमित धरायचं. एक-दोन हप्ते भरून नाही. तुमचे अडीच लाख तेवढ्याला पुरतील, तसं झालं तर बँका सहसा पुढची कारवाई थांबवतात, फक्त ते लेखी घ्या. पण सहाव्या महिन्याचा हप्ता कुठून येणार? सातव्याचा? नव्वद दिवस थकलं की खातं परत तिथेच जातं, आणि तेव्हा दागिनेही नसतील. नवऱ्याचं काम तीन-चार महिन्यांत नक्की सुरू होणार असेल, म्हणजे ऑर्डर हातात असेल, नुसती आशा नव्हे, तरच दागिने मोडा. नाहीतर ते राहू द्यात. भाड्याच्या घराचं डिपॉझिट त्यातूनच निघेल.

घराची किंमत आज किती येईल ते तुम्ही लिहिलंच नाही. सगळं त्यावर अवलंबून आहे.

आणि एक. साठ दिवसांच्या आत कलम १३(३ए) खाली लेखी म्हणणं द्या: काय झालं, काय करणार आहात, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का. बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. शाखेत देऊन पोचेवर शिक्का घ्या. सोबत खात्याचा पूर्ण उतारा मागा. थकबाकीवरचा दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा आदेश २०२३ मध्ये निघाला. तो उतारा ओळ न ओळ वाचा.

प्रतिसाद

वकील आहे, तेवढ्यापुरतंच लिहिते.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग आजवर सरसकट लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे. तुमच्या मिस्टरांसारख्यांना अजून जुनाच नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, कायदा, मुंबई शहरात १९०९ चा, इतरत्र १९२० चा. पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे: नादार ठरलात तरी ज्याच्याकडे घर तारण आहे तो धनको ते विकून आपले पैसे घेऊ शकतो. नादारीने घर वाचत नाही. वाचला तर कार्डवाल्यांचा तगादा वाचेल, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या ताब्यात राहण्याची किंमत मोठी आहे. साडेसहा लाखांसाठी मी कुणालाही हा सल्ला देणार नाही.

बँकेने १३(४) ची कारवाई चुकीची केली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात कलम १७ चा अर्ज करता येतो. दिवाणी न्यायालयात जाऊन उपयोग नाही, कलम ३४ ने ती वाट बंद आहे. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. तुम्ही सहअर्जदार आहात, अर्ज तुमच्या नावाने करा.

कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही, पोलिसांची धमकी पोकळ आहे. फक्त सही केलेले चेक कुणाला दिलेत का ते मिस्टरांना विचारा. चेक वटला नाही तर चेकच्या कायद्याचं कलम १३८ लागतं, तो मात्र गुन्हा आहे. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. वेळ आणि नंबर लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

जामीनदाराबद्दल खरं सांगते. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे त्यांची जबाबदारी तुमच्याइतकीच आहे. बँक त्यांच्याकडेही थेट जाऊ शकते.

प्रतिसाद

आम्ही चार वर्षांपूर्वी यातून गेलो. स्वतःच घर विकलं. नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय विकता येत नाही, तेव्हा आधी तो अर्ज द्या. बँकेला पैसे हवे असतात, लिलावाची कटकट तिलाही नको असते. आमच्या खरेदीदाराच्या बँकेने थेट आमच्या बँकेत रक्कम भरली, उरलेले आमच्या खात्यात आले. लिलावात शिल्लक राहिली तर तीही कायद्याने कर्जदाराचीच असते, पण तिथे भाव पडतो, वर बँकेचा खर्च आपल्याच माथी. दलालाला नोटिशीचं सांगू नका, नाहीतर प्रत्येक जण पाच लाख पाडून मागतो. खरेदीदाराला मात्र व्यवहार ठरतानाच बोजा आणि नोटीस दोन्ही सांगा.

आणि ताई, नवऱ्याला एकटं सोडू नका. माझे मिस्टर जे 'संपेल' म्हणायचे, त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. वेळीच डॉक्टरकडे नेलं म्हणून आज आहेत. १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आज रात्री तो गॅलरीत बसला की शेजारी जाऊन बसा आणि तो काय म्हणतोय ते सरळ शब्दांत विचारा.

प्रतिसाद

अडकलेल्या दोन बिलांबद्दल: वर्कशॉपची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) माल देण्याच्या आधीची असेल तर छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. लगेच पैसे येणार नाहीत, पण नुसत्या नोटिशीनेही काही कंपन्या हलतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लिहिता आलं नाही.

घराची किंमत विचारली होती. आमच्याच इमारतीत तसाच फ्लॅट दिवाळीत ४८ ला गेला. घाईत ४५ धरते. त्यातून ३३ आणि वरचा खर्च गेला, साडेसहा दुसऱ्यांचे गेले, तरी पाच-एक लाख उरतात. कागदावर हे मांडलं तेव्हा पहिल्यांदा नवरा जवळ येऊन बसला. कामाचं विचारलं. ऑर्डर हातात एकही नाही. दागिने मोडत नाही.

गॅलरीत जाऊन विचारलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "हो, मनात आलं होतं." पुढचं इथे लिहीत नाही. काल डॉक्टरकडे जाऊन आलो, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. सासूबाईंनाही सगळं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, देवघर न्यायचं ना बरोबर?

दादाला फोन केला. जामीनदार म्हणून त्यालाही नोटीस गेली होती, आमच्याआधी. मी सांगेन म्हणून वाट बघत होता. म्हणाला, "मीच फोन करायला हवा होता, पण तुला लाज वाटेल म्हणून केला नाही." त्याला बँकेत बरोबर यायचंय. सोमवारी तिघं जातोय.

बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना एक विचारायचं होतं. १३(३ए) चं म्हणणं आणि विक्रीच्या परवानगीचा अर्ज एकाच पत्रात द्यावा की वेगळे? आणि दादाने त्याच्या नावाने स्वतंत्र पत्र द्यावं का?

प्रतिसाद

वेगळे द्या. दोन्हींवर तुम्हा दोघांच्या सह्या आणि खाते क्रमांक हवा, दोन्हींच्या पोचेवर स्वतंत्र शिक्का घ्या. विक्रीच्या अर्जात साधारण किंमत आणि किती दिवसांत खरेदीदार आणाल ते लिहा, नव्वद दिवस मागा. भावाने स्वतःचं पत्र द्यावं, त्यात एवढंच की विक्री होईपर्यंत माझ्यावर कारवाई करू नये. शाखेतला माणूस 'ठेवून जा' म्हणाला तर ठेवून येऊ नका. शिक्का मिळेपर्यंत तिथेच थांबा. नाहीच दिला तर त्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.