पालक परतताना पाणी का सुटतं?

प्रश्न: २५० ग्रॅम पालक, २ चमचे तेल, मोठी आच. तरी कढईत पाणी साचतं, भाजी लिबलिबीत होते आणि लसूण करपतो. नेमकं कुठे चुकतंय?

प्रतिसाद १: निम्मं पाणी तुम्हीच आत घालताय. धुतलेला पालक निथळून कापडावर अर्धा तास पसरा. पानं हाताला कोरडी लागली पाहिजेत. आणि मीठ अगदी शेवटी. आधी घातलं की पानातलं पाणी लगेच बाहेर येतं. पालक आळून मूठभर होतो, त्यामुळे ढीग बघून मीठ घातलंत तर खारट झालाच म्हणून समजा. पाव चमच्यापेक्षा कमीच पुरतं.

प्रतिसाद २: कढई छोटी असेल तर पालक दोन भागांत परता. सगळा एकदम टाकला की कढई गार पडते, वाफ कोंडते, मग परतणं राहतं बाजूला आणि उकडणं सुरू होतं. झाकण तर नकोच.

लसूण ठेचू नका, जाड काप करा. ठेचलेला पटकन करपतो. मध्यम आचेवर कापांच्या कडा जेमतेम पिवळसर झाल्या की देठं टाका, अर्ध्या मिनिटाने पानं, आणि तेव्हाच आच वाढवा. दीड-दोन मिनिटं पुरे. पानं मऊ पण अजून हिरवीगार दिसतात तेव्हा उतरवा. तापल्या कढईत ती आणखी शिजतात, म्हणून लगेच ताटलीत काढा.

प्रतिसाद ३: लिंबू पिळायचं तर ताटात वाढताना. आधी पिळलंत तर हिरवा रंग काळपट होतो.